फॉर्म कोणी भरले, ते आधी सांगा

आकडे आणि माणसं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातल्या लॅबबद्दल ओझरतं लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. बहुतेक पत्रांत कुणाची ना कुणाची तक्रार: विद्यार्थ्यांची गाइडबद्दल, कर्मचाऱ्यांची विद्यार्थ्यांबद्दल, आणि एका बापाची तर थेट विषयाबद्दलच. मी अशाच एका लॅबमध्ये आधी सांख्यिकी सहायक आणि पुढे तांत्रिक अधिकारी होते. प्राध्यापक कधीच नव्हते. सरांची केबिन आणि मुलांचे संगणक यांच्या मधोमध माझं टेबल, त्यामुळे दोन्हीकडच्या कागाळ्या आधी माझ्याकडे यायच्या. उत्तरंही तिथूनच दिलीत असं समजा. पत्रलेखकांची नावं छापत नाही. लॅबमध्येही आम्ही फॉर्मवरचं नाव झाकून क्रमांक टाकायचो, ती सवय आहे.

प्रश्न : मी नर्सिंगमध्ये पीएच.डी. करते आहे. गरोदर स्त्रियांच्या रक्तदाबाविषयीचे ३१२ फॉर्म भरून झाल्यावर गाइड म्हणाल्या, आता संख्याशास्त्रवाल्यांकडे जा. तिथल्या सरांनी आल्या आल्या विचारलं, “आधी का नाही आलात?” मग एम.एस्सी.च्या दोन मुलांच्या हवाली केलं. ती मुलं टेस्ट लावायची सोडून मलाच उलटसुलट प्रश्न विचारत बसली. माझा रिझल्ट वेळेत मिळेल ना?
— परिचारिका, लातूर

उत्तर : मिळेल. तुमच्या मनात आहे तोच मिळेल, याची हमी मात्र कुणी देणार नाही.

“आधी का नाही आलात” हे त्या सरांचं स्वतःचं नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ मध्ये कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलले, तेव्हा म्हणाले होते की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुतेक वेळा त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणं. प्रयोग कशानं मेला एवढं तो कदाचित सांगू शकेल. तेव्हापासून आमच्या जमातीनं हे वाक्य वापरून वापरून गुळगुळीत केलंय. खरं आहे, पण दारातच ऐकवायचं नसतं. माणूस खुर्चीत बसायच्या आधीच अवघडतो, आणि अवघडलेला माणूस आपल्या डेटातली भोकं दाखवत नाही.

आता त्या मुलांचे उलटे प्रश्न. तुमच्याच विषयातलं उदाहरण देते. एका आरोग्य केंद्राकडून आमच्याकडे असाच रक्तदाबाचा डेटा आला होता. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं शीट उघडली आणि बाकी काही न करता प्रत्येक आकड्याचा शेवटचा अंक मोजायला घेतला. वरचा रक्तदाब १२०, ११०, १३०, १२०. खालचा ८०, ७०, ८०, ९०. मध्येच एखादा १२४, तो चुकून आल्यासारखा. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात. म्हणजे शेवटी ०, २, ४, ६, ८ हे अंक साधारण सारख्या प्रमाणात यायला हवेत. मुलगी म्हणाली, “हे फॉर्म घरी बसून भरलेत.” फॉर्म भरणाऱ्या सिस्टर समोरच बसलेल्या.

सिस्टर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “बाळा, बाहेर रांग आहे, यंत्र एकच आहे, आणि दुपारी लसीकरणाला जायचंय. तू १२४ लिहिशील?” मग चहा आला, आणि चहा पिता पिता त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच रकान्यात नव्हतं. १४० आलं की बाईला वरच्या दवाखान्यात पाठवावं लागतं. गाडी नसते, घरचे कुरकुरतात. म्हणून १३८ आलं तर एकदाच मोजायचं, पण १४२ आलं तर तिला जरा बसवायचं, पाणी द्यायचं, पुन्हा मोजायचं, आणि कमी आलं तर तेच लिहायचं. यात त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. थोडं बसवून पुन्हा मोजणं रीतीला धरूनच आहे. पण डेटाच्या दृष्टीनं काय झालं बघा: रेषेच्या वरच्या काही बायका खाली उतरल्या, खालच्या कुणी वर चढल्या नाहीत. आमच्या मुलांचा बेत होता १४० च्या आतल्या आणि वरच्या असे दोन गट पाडून काय-स्क्वेअर, म्हणजे गटांतला फरक योगायोगाचा आहे का ते पाहायची चाचणी, लावायचा. नेमकी त्याच रेषेवर ती सुरी चालवणार होती! बेत रद्द झाला. चहा घेतला नसता तर थिसिसमध्ये एक सुंदर, सुबक आणि खोटा तक्ता छापला गेला असता.

तेव्हा ती दोन मुलं प्रश्न विचारतायत म्हणजे कामाला लागली आहेत. पुढच्या भेटीला कोरा फॉर्म घेऊन जा, आणि भरलेले थोडे मूळ कागद, खाडाखोडीसकट. एक्सेलमध्ये चढवताना रिकाम्या जागी काय टाकलं ते लिहून न्या: शून्य, डॅश की ९९? आमच्याकडे ९९ वर्षांची गरोदर बाई येऊन गेलेली आहे. ‘वय माहीत नाही’चा तो कोड होता आणि सरासरी वयात बिनबोभाट मिसळला होता. आणि जमलं तर फॉर्म भरणाऱ्या आशाताईंना किंवा एएनएमना सोबत न्या. गाइड नाही आल्या तरी चालेल.

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला आहे. रोज रात्री आठपर्यंत ‘लॅबमध्ये होते’ म्हणते. मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, लॅब म्हणजे काय ते मला कळतं. आकडेमोडीच्या विषयाला लॅब कसली?
— एक पालक, सांगली

उत्तर : काळजी कळते, आणि तुम्ही न लिहिलेला संशयही कळतो. लॅब असते हो, आणि शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे तिची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनची बायोमेट्रिक लॅबोरेटरी होती. हँडल फिरवायची ब्रुन्सविगा यंत्रं आणि मोजमापांचे कागद, असा तिथला सरंजाम. डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यातला एक नोकरदार, विल्यम गॉसेट, १९०६-०७ मध्ये तिथे येऊन बसला. त्याची अडचण साधी होती: कारखान्यात नमुने चार-पाचच मिळायचे आणि तेव्हाची सूत्रं मोठ्या नमुन्यांसाठीची. त्यातून १९०८ चा निबंध आला. कारखान्याला कर्मचाऱ्यांची नावं छापून आलेली चालत नसत, म्हणून त्यानं सही केली ‘स्टुडंट’. तुमची मुलगी ज्याला टी-टेस्ट म्हणते ती हीच. पगारी माणूस लॅबमध्ये येतो आणि विद्यार्थी म्हणून सही करतो, हे मला फार आवडतं.

आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या विभागातच, स्टॅटिस्टिकल लॅबोरेटरी थाटली. तिच्याभोवती १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. अमेरिकेत आयोवाच्या शेतकी कॉलेजात जॉर्ज स्नेडेकॉरनी १९३३ मध्ये लॅब काढली, आणि संख्याशास्त्राचा रीतसर विभाग तिथे १९४७ मध्ये आला. आधी लॅब, मग विभाग. पुणे विद्यापीठातला विभाग कोल्हापूरच्या डॉ. व. शं. हुजूरबाजारांनी १९५३ मध्ये सुरू केला, हे तुम्ही सांगलीकर असल्यामुळे मुद्दाम सांगते.

आमच्या पिढीनं प्रॅक्टिकलं फॅसिट नावाच्या हातानं फिरवायच्या गणकयंत्रावर केली. हँडल पुढे फिरवलं की मिळवणी, मागे फिरवलं की वजाबाकी. भागाकाराला मागे फिरवत राहायचं, घंटी वाजली की जास्त झालं, एक फेरा पुढे घ्यायचा आणि कॅरेज एक घर सरकवायचं. अख्खी बॅच एका वेळी भागाकार करायला लागली की देवळातल्या आरतीसारखा गजर व्हायचा आणि शेजारच्या वर्गातले सर येऊन दार लावून घ्यायचे.

आता यंत्रं मुकी झाली. रात्री आठला तुमची मुलगी बहुधा सिम्युलेशन लावून बसलेली असते: संगणकाला एकच खोटा प्रयोग दहा हजार वेळा करायला लावायचा आणि आपली पद्धत त्यातल्या किती वेळा फसते ते मोजायचं. ते चालू असताना उठून जाता येतं, पण मुलं उठत नाहीत, गप्पा मारतात. त्या गप्पांतही बरंच शिकणं होतं. एक करा, लॅबला कुलूप लावणाऱ्या मामांशी ओळख करून घ्या. कोण किती वाजता गेलं हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नसतं.

प्रश्न : ताई, मी शेतकी कॉलेजच्या प्रक्षेत्रावर सहायक आहे. पेरणीपासून कापणीपर्यंत प्लॉटची सगळी निगराणी माझ्याकडे. पीजीची मुलं शेतात दोनदा येतात, फोटो काढायला. नंतर व्हॉट्सॲपवर ‘काका, डेटा पाठवा’. मग लॅबमधून फोन येतो, ‘काका, सात नंबरचा प्लॉट आउटलायर, म्हणजे बाकीच्यांहून फारच वेगळा येतोय, काढून टाकू का?’ मी काय सांगावं?
— प्रक्षेत्र सहायक, परभणी

उत्तर : ‘आधी शेतात या’ म्हणा. काढायचा की ठेवायचा हे फोनवर ठरत नाही, आणि ठरवण्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात तर मुळीच घालून घेऊ नका. तुम्ही फक्त सात नंबरला काय घडलं ते सांगायचं. बांधाच्या कडेला होता का? बाभळीची सावली पडते का? पाटाचं पाणी फुटलं होतं का? मजूर बदलले होते का? यातलं काही असेल तर तारखेसह लिहून द्या आणि खाली तुमची सही करा. यातलं काहीच नसेल तर तेही लिहून द्या, कारण मग तो प्लॉट काढता येणार नाही. संगणकाला आकडा वेगळा दिसतो, वेगळा का आहे ते दिसत नाही. निव्वळ उत्तर बिघडवतो म्हणून प्लॉट काढणं याला माझ्या टेबलावर लबाडीच म्हणत.

तुमच्याकडची मुलं शेतीच्या संख्याशास्त्रावरच्या ज्या ‘पानसे-सुखात्मे’ पुस्तकावरून परीक्षेची तयारी करतात, त्यातल्या सुखात्म्यांची गोष्ट त्यांना सांगा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, लंडनला जाऊन नेमन आणि एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांच्या काळातल्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९३६ मध्ये पीएच.डी. झाले, आणि पुढे दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत सांख्यिकीचं काम उभं केलं. १९४० च्या दशकात त्यांचं आणि महालनोबिसांचं पीक कापणीवरून चांगलंच वाजलं. एकरी उत्पन्नाचा अंदाज काढायचा तर शेतातला किती तुकडा कापायचा? महालनोबिसांचा कल छोट्या तुकड्यांकडे: तुकडा लहान, म्हणून खर्च कमी, म्हणून जास्त ठिकाणी कापता येईल. गणित बरोबर होतं. सुखात्म्यांनी शेतात दोन्ही कापून पाहिले आणि दाखवून दिलं की तुकडा जसजसा लहान, तसं उत्पन्न फुगून येतं.

का फुगतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दोरी नेमकी धाटावरून जाते, तेव्हा ते धाट आत की बाहेर? कापणारा आतच धरतो. कुणी फसवायला नाही करत. कणीस समोर दिसतंय, सोडवत नाही. आता हिशोब करा. २ फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस मीटरमागे साधारण ३.३ मीटर कड येते. आपल्याकडे कित्येक पिकांना जो १० बाय ५ मीटरचा चौकोन आखतात, त्यात क्षेत्रफळ ५० आणि कड ३०, म्हणजे दर चौरस मीटरमागे ०.६ मीटर. छोट्या तुकड्यात ‘आत की बाहेर’चा मोह साडेपाच पट! हा मोह सूत्रात कुठंच लिहिलेला नसतो. तो दोरी धरणाऱ्याच्या हातात असतो.

त्या वादाची दुसरी बाजू मुलांना सहसा कुणी सांगत नाही. दोरी कुणी धरायची, यावरही तो वाद होता. महालनोबिसांना आपली तयार केलेली, गावोगाव फिरणारी माणसं हवी होती. सुखात्म्यांचं म्हणणं होतं की महसूल आणि शेती खात्याची जी माणसं गावात आहेतच, त्यांच्याकडूनच हे काम करून घेता येतं, फक्त पद्धत त्यांच्या हाताला झेपेल अशी हवी. आज आपल्या गावात पीक कापणी प्रयोगाला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक उभे असतात ते त्याच वाटेनं. मला विचाराल तर मी सुखात्म्यांच्या बाजूची. सातारकर म्हणून नव्हे; पद्धत माणसाच्या मापाची असावी असं टेबलावर बसून बसून माझं मत झालंय. पण महालनोबिसांनी आपल्या सर्वेक्षणात माणसांच्या दोन वेगवेगळ्या पथकांकडून स्वतंत्र नमुने घेऊन त्यांची उत्तरं ताडून पाहायची जी युक्ती काढली, ती तुम्हाला उपयोगी आहे. या हंगामात दोन-चार प्लॉटचं वजन तुम्ही करा, त्याच प्लॉटचं मुलांना स्वतंत्रपणे करू द्या. जुळत नसेल तर फोन कुणी कुणाला करायचा हे आपोआप ठरेल.

प्रश्न : आमच्या लॅबमधल्या एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं. सीनियर म्हणतात क्रॅक टाक, सगळे तेच करतात. थिसिस डिसेंबरात द्यायचाय.
— संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : टाकू नका. ‘आर’ शिका, तेही असंच सॉफ्टवेअर आहे आणि फुकट आहे. रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन शिक्षकांनी विभागाच्या लॅबमध्ये मुलांना शिकवायला बरं पडावं म्हणून ते लिहायला घेतलं. पहिली पक्की आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. म्हणजे तुमच्यासारख्यांसाठीच जन्माला आलेलं आहे. डिसेंबरपर्यंत तुम्हाला लागेल तेवढं येईल. स्क्रिप्टच्या डोक्यावर नाव, तारीख आणि कुठली फाइल वापरली ते लिहा, रँडम काही असेल तर सीड, म्हणजे ते ज्या आकड्यापासून सुरू केलं तो, लिहा. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘फायनल_सरांनी_पाहिलेली’ अशी फायलींची नावं ठेवलीत तर पुढच्या बॅचचे शाप लागतील.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी सरांनी त्यांचाच जुना छापलेला पेपर आणि डेटा दिला, म्हणाले यातलं मॉडेल पुढे ने. मी आधी त्यांचा तक्ता पुन्हा काढून पाहिला तर दोन आकडे जुळत नाहीत. तीन वेळा तपासलं. सरांना सांगू की गप्प बसू? इंटर्नल मार्क त्यांच्याच हातात आहेत.
— विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : सांगा. पण ‘सर, तुमचं चुकलंय’ असं म्हणू नका. ‘सर, माझं उत्तर तुमच्या तक्त्याशी जुळत नाही, माझं कुठं चुकतंय ते बघाल का?’ असं म्हणा. हा नुसता शिष्टाचार नाही. तुमचं खरंच चुकलेलं असू शकतं: डेटाची आवृत्ती वेगळी असेल, सरांनी काही नोंदी कारणानं गाळल्या असतील आणि ते कारण पेपरात बसलं नसेल. एका कागदावर एका बाजूला त्यांचा आकडा, दुसऱ्या बाजूला तुमचा, खाली कुठल्या ओळी घेतल्या ते. कागद समोर असला की आवाज चढत नाहीत.

थॉमस हर्नडनचं माहीत आहे का? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट आवारात अर्थशास्त्राची पीएच.डी. करत होता. वर्गातलं काम होतं: एखादा गाजलेला पेपर घ्या आणि त्याची उत्तरं पुन्हा काढून दाखवा. त्यानं घेतला हार्वर्डच्या कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० चा पेपर. देशावरचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा दर सरासरी उणे ०.१ टक्के होतो, असं त्यात होतं, आणि जगभरचे मंत्री खर्चकपातीच्या भाषणांत त्याचा दाखला देत होते. हर्नडनचं उत्तर काही जुळेना. शेवटी त्यानं लेखकांनाच लिहिलं आणि त्यांनी मूळ एक्सेल शीट पाठवली. सरासरीच्या सूत्रात वरून खाली माउस ओढताना पाच देश सुटले होते! याशिवाय काही वर्षांचा डेटा गाळणं आणि देशांना वजन देण्याची रीत यांवरही त्याचे आक्षेप होते. सगळं धरून त्याचं उत्तर आलं अधिक २.२ टक्के. लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, बाकीच्या आक्षेपांवर वाद घातला.

या गोष्टीतलं तुमच्या कामाचं एवढंच: शीट मागितली आणि ती दिली गेली. आणि त्याच्या विद्यापीठातल्या शिक्षकांनी, मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन यांनी, पोराला गप्प बसवलं नाही. निबंध तिघांच्या नावानं आला आणि पहिलं नाव विद्यार्थ्याचं होतं.

मार्कांचं म्हणाल तर, ज्या सरांनी स्वतःचा डेटा आपण होऊन विद्यार्थिनीच्या हातात ठेवला, ते बहुधा घाबरणारे नसावेत. मी पाहिलेले लपवणारे लोक डेटा देतच नाहीत, ‘समरी’ देतात.

प्रश्न : मी संख्याशास्त्र विभागात कंत्राटी तांत्रिक सहायक आहे. बाहेरच्या विभागांचे फॉर्म मी एंट्री करते, चुका शोधते, परत पाठवते, तक्तेही काढून देते. पेपर निघतो तेव्हा गाइडचं नाव, विद्यार्थ्याचं नाव, कधी कधी न आलेल्या विभागप्रमुखांचंही नाव. माझं कुठं आभारात सापडलं तर नशीब. हे असंच असतं का?
— तांत्रिक सहायक, नाशिक

उत्तर : असंच असतं, पण असंच असायला हवं असं नाही. १९७५ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक निबंध आला. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांना अर्ज केलेल्या ८४४२ पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, ४३२१ स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. सरळ सरळ भेदभाव दिसतो की नाही? विभागवार पाहिलं तर तो जवळजवळ विरघळला; स्त्रियांनी ज्या विभागांत जास्त अर्ज केले होते तिथे प्रवेश मिळणं मुळातच अवघड होतं. हे उदाहरण आता जगभरच्या पुस्तकांत आहे, तुमच्या विभागातही नक्की शिकवत असतील. लेखक तीन. बिकेल हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. हॅमेल हे मानववंशशास्त्राचे प्राध्यापक आणि पदव्युत्तर विभागाचे उपअधिष्ठाता. तिसरे ओ’कॉनेल. त्यांच्या नावापुढे निबंधातच छापलंय: पदव्युत्तर विभागाच्या डेटा प्रोसेसिंगमधले कर्मचारी. कुणाला काही खटकलं नाही. तो निबंध काढून तुमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.

आता कडू भाग. नुसती एंट्री केली म्हणून लेखक होता येत नाही, आणि व्हायलाही नको. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिचे निकष बरेच विषय मानतात. चार गोष्टी लागतात: कामाच्या आखणीत किंवा डेटा गोळा करण्यात, विश्लेषणात किंवा अर्थ लावण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यात विचारपूर्वक बदल सुचवण्यात भाग, छापण्यापूर्वी अखेरची संमती, आणि पुढे कुणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी. चारही. तुमच्या विभागप्रमुखांचं नाव या चाळणीतून खाली पडतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तुम्ही मात्र पहिल्या अटीत बसता. तक्ते काढताय म्हणजे विश्लेषणात आहात, चुका शोधून परत पाठवताय म्हणजे डेटा उभा करण्यात आहात. अडतं दुसऱ्या अटीवर, कारण मसुदा तुम्हाला कुणी दाखवतच नाही. त्याच निकषांत पुढे स्पष्ट म्हटलंय की पहिल्या अटीत बसणाऱ्याला मसुद्याची संधीच न देऊन बाद करण्यासाठी ही यादी नाही. तेव्हा मागायचं ते नाव नाही, मसुदा मागायचा. ‘मॅडम, तक्ते माझे आहेत, पद्धतीचा परिच्छेद मी लिहून देऊ का?’ या वाक्याला नाही म्हणणारा गाइड मी क्वचितच पाहिलाय, कारण तो परिच्छेद लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो. लिहून द्या, ईमेलनं द्या, म्हणजे तारीख राहते. नावांचा विषय फॉर्म हातात घेतानाच काढा. पेपर स्वीकारला गेल्यावर काढलात तर भांडखोर ठराल, आधी काढलात तर व्यवस्थित.

कंत्राटी असल्यामुळे तोंड उघडायची भीती वाटते, हे पत्रात लिहिलेलं नसलं तरी वाचता आलं. मग एकटीनं बोलू नका. लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या कामासाठी एक पानाचा कागद करा: काम काय, कोण काय करणार, लेखक कोण, आभार कुणाचे. विभागाचा नियम म्हणून सगळ्यांना सारखा. नियमापुढे कुणाचा अहंकार दुखावत नाही. आणि आभारातच राहायचं झालं तर कामासकट राहा. ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार’ हे झेरॉक्सवाल्यालाही लागू पडतं. ‘माहितीची दुबार नोंद आणि विसंगतींची तपासणी अमुक यांनी केली, तक्ता २ व ३ त्यांनीच तयार केले’ असं छापून घ्या. पुढच्या मुलाखतीत ते पान उघडून समोर ठेवता येतं.